ठकीबायची चूल कुणी नेली?

१

सुभेदार हरिश्चंद्र सावे यांच्या ओटीवर माणसं नाना तक्रारी घेऊन येत. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाच्या कागदावर बापाचं नाव चुकलेलं, कुणाचं डिस्चार्ज बुक वाळवीने खाल्लेलं. पलटणीच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं कारकुनी करून सुभेदार सरावलीला आपल्या चिकूच्या वाडीत परतले होते. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या सैनिकांचे कागद ते फुकटात लिहून देत. आपल्या हातून कागद चुकत नाही, असा त्यांचा ठाम समज होता आणि तो ते फारसा लपवतही नसत. पण त्या बुधवारी दुपारी आलेली तक्रार त्यांच्या कुठल्याच फाइलीत बसणारी नव्हती.

"सायेब, माजी चूल चोरीला गेली," ठकीबाय म्हणाली.

सुभेदारांनी चष्मा पुसला आणि पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. मंगळवारी ठकीबाय तलासरीला बहिणीकडे, शुक्रीकडे, तिच्या नातवाच्या पाचवीला गेली होती. रात्र तिथेच काढली. बुधवारी सकाळी सायवनच्या आपल्या पाड्यावर येऊन दार उघडलं, तर घरातलं सगळं जागच्या जागी होतं. हंडा होता, कोंबड्यांची टोपली होती, पत्र्याच्या डब्यात दीडशे रुपये होते. फक्त मातीची चूल तेवढी नाहीशी झाली होती. आणि अकराच्या ठोक्याला तलाठी मॅडम, आधी कळवल्याप्रमाणे, तपासणीला दारात उभ्या होत्या.

सुभेदारांच्या पत्नी हिरकणीबाईंनी म्हातारीपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांना हसू येत होतं, पण म्हातारीचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच. ठकीबायचा मुलगा सुनिल फौजेत होता. तीन वर्षांपूर्वी गस्तीवर असताना सुरुंग फुटला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. फौजेने त्याला घरी पाठवलं, एकरकमी भरपाई दिली, अपंगत्वाची महिन्याची पेन्शन सुरू केली. त्यातून त्याने आईच्या कुडाच्या घराशेजारी पक्कं घर बांधलं. इकडे ठकीबायला विधवा म्हणून महिन्याची सरकारी मदत आणि पिवळ्या कार्डावरचा तांदूळ मिळत होता. घरात फौजीची भरपाई आल्यावर म्हातारी निराधार कशी, हा प्रश्न कधीतरी निघणारच होता. म्हणून सुभेदारांनीच तेव्हा सगळं नीट लावून दिलं होतं. मायलेकांचे संसार वेगळे, कार्डं वेगळी आणि मुख्य म्हणजे चुली वेगळ्या. तपासणीला येणारा माणूस आधी चूल बघतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता चूलच नव्हती. तलाठी मॅडम समजूतदार निघाल्या. त्यांनी पंचनामा अर्धवट ठेवला आणि सोमवारी परत येते म्हणाल्या.

"सोमवारच्या आत चूल सापडेल," सुभेदार म्हणाले. "चोरही सापडेल. तुमचा तांदूळ कुठे जात नाही."

ठकीबायला तांदळाचं काही पडलेलं दिसत नव्हतं. ती पदराचं टोक पिळत बसली होती. "आता सुनिलला बोलावतील काय, सायेब?" तिने विचारलं.

सुनिलचा इथे काही संबंध नाही, असं सुभेदारांनी तिला समजावलं. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं. म्हातारी भेदरली आहे, असं म्हणून त्यांनी तिला डहाणूच्या एसटीत बसवून दिलं.

२

गुरुवारी सकाळी सुभेदार स्कूटरवरून कासा ओलांडून सायवनला पोहोचले. खिशात वही, पेन आणि मोजपट्टी होती. मोजपट्टी कशाला, असं हिरकणीबाईंनी विचारलं होतं. तपासाला लागते, असं ते म्हणाले होते.

ठकीबायचं घर एका खणाचं, कारवीच्या कुडाचं. चुलीच्या जागी आता सपाट जमीन होती, तीही शेणाने सारवलेली. सुभेदार बराच वेळ बघत राहिले. चुलीतली राख कुठे सांडलेली नव्हती. मातीचा ढेकूळसुद्धा पडलेला नव्हता. ज्याने चूल उचलली त्याने ती न फोडता उचलली होती, राख गोळा केली होती आणि मागची जमीन सारवून ठेवली होती. असा चोर त्यांनी अठ्ठावीस वर्षांत पाहिला नव्हता. खरं म्हणजे त्यांनी चोरच पाहिला नव्हता, पण ते कबूल करायची ही वेळ नव्हती.

आणखी दोन गोष्टी वहीत गेल्या. दाराशेजारच्या मेढीवर, म्हणजे लाकडी खांबावर, कमरेच्या उंचीला शेणाने माखलेल्या हाताचा ठसा होता. उंबऱ्याच्या आत सारवण ओलं असताना उमटलेली एक गोल खूण होती, वाटीच्या बुडाएवढी. सुभेदारांनी ती दोनदा मोजली.

पहिला संशय आपोआपच भिकावर गेला. भिका हा ठकीबायचा दीर, शेजारच्याच पाड्यात राहणारा. वहिनीचं घर रिकामं झालं तर तिथे पेंढा रचता येईल, असं तो दहा जणांपुढे बोललेला होता. शिवाय गुडघे गेल्यामुळे तो काठी टेकत चाले. सुभेदारांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि जरा आवाज चढवूनच विचारपूस केली.

भिका शांतपणे विडी ओढत राहिला. वहिनी मेल्याशिवाय ते घर मला नको, असं तो म्हणाला. पेंढ्याचं आपण बोललो होतो हे मात्र त्याने कबूल केलं. मग मंगळवारी कुठे होतास, असं विचारल्यावर त्याने विडी विझवली.

"तलासरीला व्हतो. पाचवीला. वहिनीच्याच बाजूला बसून जेवलो, विचारा तिला."

ठकीबायने मान डोलावली. बुधवारी सकाळच्या जीपने दोघं बरोबरच परतले होते. सुभेदारांनी तरीही भिकाची काठी मागून घेतली आणि टोक मोजलं. ते रुपयाएवढंसुद्धा भरलं नाही. मेढीजवळ टेकलेली वस्तू याच्या दुप्पट जाड होती, आणि तशी काठी पाड्यावर कुणाकडेच नव्हती.

३

दुसरा संशय जतीनवर. सायवनच्या बाजारात या गुजराती माणसाचं रेशनचं दुकान होतं. पिवळं कार्ड गेलं तर दुकानदाराचा काय फायदा होईल, याचे सुभेदारांनी स्कूटरवर बसल्या बसल्या तीन मार्ग शोधून काढले होते. जतीनने तिन्ही मार्ग पाच मिनिटांत बंद केले. अंगठ्याचं मशीन दाखवलं, ठकीबायच्या प्रत्येक महिन्याच्या पावत्या दाखवल्या आणि वर चहाही मागवला.

"जुओ साहेब, मला चूल नेऊन काय करायचं आहे?" तो म्हणाला. "माझ्या घरी गॅस आहे. पण त्या घरात आनंदाची गोष्ट आहे हां. सुनिलभाई गेल्या आठवड्यात येऊन नाव वाढवायचा फॉर्म घेऊन गेला. मी म्हटलं, पेढे कधी? तर नुसता हसला."

रेशनकार्डात नाव वाढवायचं म्हणजे घरात मूल येणार. सुभेदारांना बरं वाटलं. सुनिल परतल्यापासून त्या घरात बरी बातमी अशी आलीच नव्हती. तिथून ते तडक सुनिलच्या घरी गेले आणि दारातच त्याच्या बायकोचं, संगिताचं, अभिनंदन केलं.

संगिता त्यांच्याकडे बघतच राहिली. कसलं अभिनंदन, हे तिला कळेना, आणि ते सांगायचं कसं हे सुभेदारांना कळेना. शेवटी त्यांनी पाऊसपाण्याचा विषय काढला. संगिताने त्यांना पुढच्या खोलीत खुर्ची दिली. एरवी ती मागच्या पडवीत नेई, कारण तिथे वारा असतो. आज पडवीचं दार ओढून घेतलेलं होतं. खुर्चीमागे भिंतीला सुनिलची कुबडी टेकवलेली होती. बाहेर जाताना तो नकली पाय आणि बूट चढवी, त्यामुळे कुबडी घेतलेला सुनिल पाड्यावर फारसा कुणी पाहिला नव्हता.

सुनिल आतून आला. पस्तिशीच्या आतला, अजूनही ताठ उभा राहणारा. चुलीची चौकशी त्याने मुकाट्याने ऐकून घेतली.

"साहेब, सोडून द्या ती चूल," तो म्हणाला. "आईला दोन वेळचं मी घालू शकतो."

यावर सुभेदार चांगलेच तापले. तुझ्या आईचा हक्क बुडतोय आणि तू सोडून द्या म्हणतोस, फौजेत हेच शिकलास का, असं बरंच काही ते बोलले.  ते निघाले तेव्हा सुनिल हळूच म्हणाला, "दोन वर्षांत आई माझ्या घरात पाणीसुद्धा प्यायली नाय, साहेब. हे तुम्हाला ठाव आहे का?"

सुभेदारांना ठाऊक होतं. त्यांनी स्कूटर चालू केली आणि सरावलीपर्यंत कुठेही थांबले नाहीत.

४

शनिवारी हिरकणीबाई म्हणाल्या, मी येते. सुभेदारांनी नको म्हणून पाहिलं. तपासात घरची माणसं नकोत, असं त्यांचं म्हणणं होतं. ते म्हणणं संपेपर्यंत हिरकणीबाई चपला घालून स्कूटरजवळ उभ्या होत्या.

ठकीबायच्या घरात त्या उंबऱ्याशी खाली वाकल्या, पदर खोचला आणि सारवणावरून नजर फिरवली. त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

"हे बाईचं सारवण नाही," त्या म्हणाल्या.

सारवणाला बाईमाणूस काय नि बाप्या काय, असं सुभेदारांनी विचारलं. हिरकणीबाईंनी त्यांना चक्क खाली बसवलं. बाई उकिडवी बसते, मागच्या कुडापासून सुरुवात करते आणि मागे सरकत दाराकडे येते. हात पुरेल तेवढा लांब, पंख्याच्या आकाराचा फराटा एका फटकाऱ्यात उमटतो. इथे पंखे आखूड होते, दाट होते, एकावर एक चढलेले होते. हे करणारा माणूस उकिडवा बसलेलाच नव्हता. त्याने फतकल मारली होती आणि बसल्या बसल्या सरकत तो दारापर्यंत आला होता. तिथून उठताना त्याला मेढ धरावी लागली होती आणि काहीतरी टेकावंही लागलं होतं.

सुभेदारांनी वही उघडली. वाटीच्या बुडाएवढी गोल खूण. कुबडीच्या टोकाला रबराची टोपी असते. नकली पाय घालून उकिडवं बसता येत नाही, म्हणून तो घरीच काढून ठेवला असणार. नाव वाढवायचा फॉर्म घेतलेला, पण मूल नाही. आणि ज्या पडवीत ते दर खेपेला बसत, तिचं दार बंद. सगळं एका ओळीत येऊन बसलं. एवढं की त्यांना स्वतःचा राग आला.

"पण का?" ते म्हणाले. "स्वतःच्या आईचं नुकसान?"

"ते तुम्ही शोधा, सुभेदार तुम्ही," हिरकणीबाई म्हणाल्या. "मी ठकीबायला एवढंच विचारलं, की सुनिलकडे का जेवत नाहीस. ती नुसती तुमच्याकडे बघत राहिली."

सरावलीला परतल्यावर सुभेदारांनी कपाटातून दोन वर्षांपूर्वीची वही काढली. ठकीबायचे कागद लावून दिले त्या दिवसाचं पान त्यांनी वाचलं, मग ओटीवर येऊन बसले. हिरकणीबाईंनी जेवायला हाक मारली, तर भूक नाही म्हणाले.

५

सोमवारी अकरा वाजता ठकीबायच्या अंगणात सगळे जमले. तलाठी मॅडम खुर्चीवर, भिका ओट्यावर, संगिता दाराच्या आडोशाला. जतीन दुकान बंद करून आला होता. शेवट काय होतो हे त्याला बघायचं होतं. सुनिल एका बाजूला उभा होता.

सुभेदारांनी चोराचं नाव घेण्याआधी चोरीची रीत सांगितली. राख न सांडता चूल नेणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याला ती फोडायची नव्हती, हलवायची होती. आखूड पंखे, मेढीवरचा हात, गोल खूण, फॉर्म आणि पडवीचं दार, एकेक गोष्ट त्यांनी मांडली. मग ते सुनिलकडे वळले आणि पडवीचं दार उघडायला सांगितलं.

दार संगितानेच उघडलं. तिच्या चुलीशेजारी ठकीबायची चूल बसवलेली होती. आजूबाजूचं सारवण ताजं होतं आणि ते मात्र लांब हाताचं होतं.

"गोणपाटावर ठेवली नि ओढत आणली," सुनिल म्हणाला. "सकाळी हिने अंगण झाडलं, म्हणून खूण राहिली नाय. मी म्हटलं, तपासणीला चूल नसली तर एकच लिहितील. मग आईला माझ्याकडे यावंच लागेल. तांदूळ जाईल, मदत जाईल, जाऊ दे. मला वाटायचं, पाय देऊन आणलेले पैसे तिला नको आहेत. माझ्या घरचा घास तिला चालत नाय. मग ती एवढी घाबरली की सांगायचं धाडसच झालं नाय."

 ठकीबायने सुभेदारांकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. बोलायची परवानगी मागावी तसं ते पाहणं होतं. सुभेदारांना ते सहन झालं नाही.

"ती नाही बोलणार," ते म्हणाले. "तिने मला शब्द दिलाय. चूल सुनिलने नेली, पण गुन्हा माझा आहे."

दोन वर्षांपूर्वी कागद लावून दिले तेव्हा त्यांनी तिला याच ओट्यावर बजावलं होतं, की पोराच्या घरात घासही खायचा नाही. म्हातारी स्वतःच्या तांदळासाठी एवढी काळजी घेणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी वर आणखी एक भर घातली होती. एका चुलीवर दिसलात तर सरकार दिलेलं परत घेईल, तुमचंही आणि सुनिलच्या पायाचंही. आणि हे कुणाशी बोलायचं नाही, पोराशीसुद्धा नाही. असा नियम कुठेच नव्हता. कागद चुकू नये म्हणून त्यांनी तो स्वतःच्या पदरचा घातला होता, आणि दोन वर्षं ती बाई पोराच्या भिंतीला भिंत लावून एकटी रांधून एकटी जेवली होती. हे सगळं त्यांनी तिथे सर्वांपुढे सांगितलं. सांगताना त्यांना लाज वाटली आणि ती त्यांनी लपवली नाही.

"पोराचा पाय गेला," ठकीबाय हळूच म्हणाली. "त्याचे बदली मिळालं ते तरी राहू दे, म्हून मी नाय जेवले. घराला वास यायचा संगिताच्या कालवणाचा. मी दार लावून घ्यायची."

सुनिलने मान फिरवली.  

सुभेदारांनी पुढचं सांगितलं, या वेळी नियमात होतं तेवढंच. पायाची भरपाई सुनिलची आहे. आई कुठेही जेवो, ती कुणी परत मागू शकत नाही. पिवळं कार्ड मात्र वेगळ्या चुलीवरचं आहे. चूल एक झाली तर नाव सुनिलच्या कार्डात जाईल आणि तो तांदूळ बंद होईल. महिन्याच्या मदतीसाठी सुनिलची पेन्शन घरातलं उत्पन्न म्हणून धरली जाईल, त्यामुळे तीही बहुधा थांबेल. तलाठी मॅडमनी मान हलवली. त्या म्हणाल्या की चूल परत जागेवर बसवून दोन्ही घरं खरोखरच वेगळी राहिली, तर त्या तसंही लिहू शकतील. कुणी कुणाकडे अधूनमधून जेवलं म्हणून काही बिघडत नाही.

जतीनने लगेच तोच सल्ला दिला. भिकालाही तो पटला.  पण चूल ठकीबायच्या घरची होती, आता तिनेच ठरवायचं होतं.

"त्याचा पैका त्याचाच राहील?" ठकीबायने सुभेदारांना विचारलं.

"राहील."

"लिवून द्याल?"

सुभेदारांनी वहीचं पान फाडलं, लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद तलाठी मॅडमना वाचायला लावला, मग घडी करून कमरेला खोचला.

"मंग एकच चूल लिवा, बाय," ती म्हणाली.

मॅडमनी पुन्हा एकदा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. पंच म्हणून भिकाने अंगठा दिला, सुभेदारांनी सही केली. दोन वर्षांपूर्वी मोठ्या हुशारीने जपलेली मदत त्यांनी स्वतःच्या हाताने घालवली होती, आणि तरी त्यांना आपली ही सही एरवीच्या सह्यांपेक्षा बरी वाटली.

६

संगिताने कुणालाही न जेवता जाऊ दिलं नाही. पडवीत पाटाऐवजी गोणपाटं अंथरली. भात होता, वालाचं कालवण होतं, सुकट होती. तलाठी मॅडम उशीर झाला म्हणाल्या आणि सुकटीचा वास आल्यावर बसल्या.

ठकीबाय कोपऱ्यात बसली. ताट पुढे आलं तरी तिने हात घातला नाही. सुनिल कुठे आहे, असं तिने विचारलं. सुनिल नेहमी खुर्चीवर बसून जेवतो, असं संगिता म्हणाली. लोकांसमोर तो पाय काढत नाही.

सुनिल दारात उभा राहून हे ऐकत होता. तो आला आणि मेढीला धरून आईशेजारी खाली बसला. त्याने पँट वर केली, पट्टे सोडले आणि नकली पाय बाजूला ठेवला. आईने त्याचा तुटका पाय उघडा असा कधी पाहिला नव्हता. हॉस्पिटलात पट्ट्या बांधलेल्या होत्या, आणि घरी आल्यावर ती त्याच्या घरात कधी बसलीच नव्हती.

तिने हात पुढे केला. जिथे पाय संपत होता तिथली कातडी तिने अंगठ्याने चाचपली, जरा दाबून पाहिली.

"दुखतो?" तिने विचारलं.

"थंडीत दुखतो."

ठकीबायने आपलं ताट थोडं सरकवलं आणि तो पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. मग डावा हात तसाच त्याच्यावर ठेवून ती उजव्या हाताने जेवायला लागली.